ऊन पाणी

ठिबकची मोटार दुपारी दोन वाजता सुरू केली, की लॅटरलमधून जे पहिलं पाणी येतं त्याला हात लावता येत नाही. बीड जिल्ह्यातल्या गेवराईकडच्या मोसंबीवाल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. काळी नळी सकाळपासून उन्हात पडलेली असते, आतलं पाणी जागचं हललेलं नसतं, त्यामुळे दुसरं काही होणारच नसतं. सौर बंबाचं निम्मं शास्त्र या नळीत आलं. १६ मिलिमीटरच्या लॅटरलमध्ये मीटरला साधारण दीडशे मिलिलिटर पाणी मावतं. शंभर मीटरचं बंडल छपरावर चकलीसारखं सपाट पसरलं तर ते दीड चौरस मीटरच्या वर ऊन अडवतं आणि आत पंधराएक लिटर पाणी धरतं. मार्चच्या दुपारी अर्ध्या-पाऊण तासात एका माणसाच्या आंघोळीची सोय होते.

अडचण एवढीच, की दुपारी दोनला आंघोळ कोण करतं? बीड जिल्ह्यात, वर्षभराची सरासरी काढली तर, एका चौरस मीटरवर रोज पाच युनिटांच्या आसपास ऊन पडतं. ते सगळ्यात जास्त पडतं दुपारी आणि गरम पाणी लागतं पहाटे, डिसेंबर-जानेवारीत, पारा दहा-बारा अंशांवर आलेला असताना. घरगुती सौर बंब बांधणारे बहुतेक जण पाणी तापवायच्या मागे लागतात. पाणी तापतंच. बारा-चौदा तास ते गरम कसं ठेवायचं, हा खरा प्रश्न आहे आणि पैसा, डोकं, मेहनत तिकडेच लावायला हवी.

आधी थोडा हिशोब. २० लिटरची बादली, पाणी २० अंशांचं, आंघोळीला ३८ अंशांचं हवं. त्यासाठी ३६० किलोकॅलरी लागतात. साध्या चुलीत लाकडाची आठवा हिस्सा उष्णता पाण्यात जाते, बाकीची धुरात आणि भिंतीत. म्हणजे बादलीमागे पाऊण किलो सरपण. पाच माणसांच्या घराला रोज चार किलो पऱ्हाट्या, तुराट्या किंवा बाभळीचा फाटा नुसता आंघोळीसाठी जळतो. गॅसवर तापवलं तर रोज पावणेतीनशे ग्रॅम, म्हणजे पन्नासेक दिवसांत एक सिलिंडर न्हाणीघरातून वाहून जातो. रॉड लावला तर रोज दोन युनिटांहून थोडी जास्त वीज. ही वीज जिल्ह्यातल्याच परळीच्या औष्णिक केंद्रातून आली असं धरा. कोळशातली जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा विजेच्या रूपाने तारेत येते, त्यामुळे तुमच्या पाच बादल्यांसाठी तिकडे दीड किलोच्या आसपास कोळसा जळाला. कोळसा जाळून पाण्याची वाफ केली, वाफेवर चाक फिरवलं, चाकावर वीज केली आणि त्या विजेने शेवटी पुन्हा पाणीच तापवलं. शिवाय त्या केंद्रालाही पाणी लागतं. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात ते उरलं नाही, म्हणून २०१३ आणि २०१५ मध्ये परळीचे संच बंद ठेवावे लागले होते. ज्या जिल्ह्यात पाण्यावाचून वीजकेंद्र थांबतं, तिथे छपरावर फुकट पडणाऱ्या उन्हाकडे बघायला वेगळं कारण लागू नये.

तापवणं आणि राखणं यांची फारकत जुनी आहे. १७६७ मध्ये स्वित्झर्लंडच्या ओरास द सोस्यूर यांनी लाकडी पेटीवर काचेची तावदानं एकावर एक बसवून आत उकळत्या पाण्याहून जास्त तापमान मिळवलं. काचेतून ऊन आत येतं, पण तापलेल्या काळ्या पृष्ठभागातून निघणारी उष्णता तिच्यातून तशी सहज बाहेर पडत नाही आणि वाराही आत शिरत नाही. पुढे अमेरिकेत शेतकरी काळे रंगवलेले पिंप उन्हात ठेवून पाणी तापवू लागले. १८९१ मध्ये बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी ते पिंप सोस्यूर यांच्या काचेच्या पेटीत घातलं, ‘क्लायमॅक्स’ नावाने पेटंट घेतलं आणि कॅलिफोर्नियात त्याचा चांगला खप झाला. पण रात्री पाणी निवायचं. १९०९ मध्ये विल्यम बेली यांनी तापवायची नळ्यांची पेटी आणि साठवायची टाकी वेगळी केली. टाकी घरात, उष्णतारोधक आवरणात. कंपनीचं नावच त्यांनी ‘डे अँड नाइट’ ठेवलं. आज पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर दिसणारे सौर बंब त्याच कुळातले आहेत. पुढच्या काळात कॅलिफोर्नियात स्वस्त नैसर्गिक वायू आला आणि तिथला हा धंदा बसला, हेही सांगून टाकलं पाहिजे.

मग बेलींची रचना उचलून बीडला का आणू नये? आणता येते, पण तिच्यात एक गृहीत लपलेलं आहे: वरच्या टाकीत पाणी कायम असणार. पुण्याच्या सोसायटीत ते असतं. बीडमध्ये उन्हाळ्यात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. अनेक गावांत टँकरची वाट बघावी लागते आणि पाणी घरात येतं ते घागरीने, हंड्याने, बॅरलमधून. बाजारातल्या काचेच्या पोकळ नळ्यांचा बंब असा कोरडा राहिला की नळ्या आतून भयंकर तापतात आणि दुपारी अचानक गार पाणी सोडलं की तडकतात. यंत्राचा दोष नसतो. ज्या गावासाठी ते आखलं ते गाव वेगळं होतं. बीडच्या बंबाला आठवडाभर नळ आला नाही तरी चाललं पाहिजे आणि तो बादलीने भरता आला पाहिजे.

त्यासाठी जोधपूरकडे बघावं. तिथल्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत, म्हणजे काझरीत, एच. पी. गर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात एक साधा बंब विकसित केला. गोल पिंपाऐवजी चपटी टाकी. ११२ सेंटिमीटर लांब, ८० रुंद, फक्त १० सेंटिमीटर जाड. तीत ९० लिटर पाणी मावतं. टाकी हीच ऊन घेणारी पाटी आणि तीच साठवण; वेगळ्या नळ्या नाहीत, पंप नाही. चपटेपणात सगळी मख्खी आहे. शंभर लिटरचं गोल पिंप आडवं ठेवलं तर त्याची उन्हाला भिडणारी बाजू जेमतेम ०.३ चौरस मीटर भरते. तेवढ्याच पाण्याची चपटी टाकी ०.९ चौरस मीटर ऊन घेते. काळं पिंप गच्चीवर ठेवून ‘सोलर काही चालत नाही’ म्हणणाऱ्यांचं बहुधा इथेच चुकलेलं असतं.

ही टाकी बीडच्या किंवा अंबाजोगाईच्या कुठल्याही चांगल्या वेल्डरकडे होऊ शकते, मात्र एक गोष्ट त्याला आधी सांगावी लागते. टाकी तिरकी उभी केली की खालच्या भागात पाण्याचा दाब वाढतो. सरासरी धरली तरी समोरच्या पत्र्यावर अडीच क्विंटलांच्या वर भार येतो. नुसता चौकोनी डबा जोडला तर पहिल्याच भरणीत तो पोट काढतो आणि जोड उघडतात. म्हणून दोन्ही पत्र्यांच्या मधे, वीतभर अंतरावर, सळईचे तुकडे आतून वेल्ड करून त्यांना धरून ठेवावं लागतं. स्टेनलेस स्टीलची टाकी महाग पडते पण टिकते. जी.आय. पत्रा स्वस्त आहे. त्याचं वेल्डिंग मात्र उघड्यावर करावं, कारण जस्ताचा धूर छातीला वाईट. कीटकनाशकाचा किंवा केमिकलचा जुना पिंप कापून टाकी करायचा मोह होतो. भंगारात तो सहज मिळतो. तो घेऊ नये, कितीही धुतला तरी.

उन्हाकडची बाजू काळी करायला शाळेच्या फळ्याचा रंग उत्तम. ऑइलपेंट चकाकतो आणि चकाकतो म्हणजे ऊन परत पाठवतो. टाकी पत्र्याच्या किंवा लाकडी पेटीत बसवायची, मागे आणि चारी बाजूंना दोन इंच ग्लासवूल दाबायचं, समोर तीन-चार सेंटिमीटरची फट सोडून चार मिलिमीटरची टफन्ड काच. थर्माकोल टाकीला भिडवायचं नाही. ऐंशी-नव्वद अंशांना ते वितळून आकसतं आणि एखाद्या दिवशी टाकी रिकामी राहिली तर आतलं तापमान त्याच्या पुढे सहज जातं. उसाचं चिपाड किंवा कडब्याचा भुगा भरावा असं या जिल्ह्यात कुणालाही सुचेल. फुकट आहे, उष्णताही अडवतो. पण पहिल्या पावसात ओला होतो, कुजतो, उंदीर बोलावतो आणि कोरडा असला तर पेटतो.

आता पाणी घालायचं आणि काढायचं कसं. टाकीच्या वरच्या कोपऱ्यातून बाहेर पडणारी अर्धा इंची नळी, तिला तोटी नाही. तिच्याहून वर एक नरसाळं आणि नरसाळ्यातून थेट टाकीच्या तळाशी जाणारी दुसरी नळी. नरसाळ्यात एक बादली गार ओतली की ती तळाशी शिरते आणि वरच्या नळीतून एक बादली गरम बाहेर येते. गरम पाणी हलकं असल्याने वर राहतं, त्यामुळे बराच वेळ दोन्ही फारसं मिसळत नाहीत. या रचनेत टाकी कधी रिकामी होत नाही, आत दाब साठत नाही. पहाटे जेवढं काढलं तेवढंच दिवसभर तापायला आत बसलेलं असतं. नळ्या सी.पी.व्ही.सी.च्या घ्याव्यात, साधी पी.व्ही.सी. साठ अंशांच्या पुढे नरम पडते.

भरलेला बंब दीड क्विंटलांच्या घरात जातो. पत्र्याच्या घरावर तो चढवू नये आणि जुन्या वाड्याच्या माळवदावर तर नकोच. अंगणात विटांचा किंवा दगडी ओटा रचून त्यावर ठेवला तर बादली ओतणंही सोपं जातं. तोंड दक्षिणेला. दिशा ठरवायला रात्री ध्रुवतारा बघून त्याच्याकडे पाठ करावी. बीडचा अक्षांश १९, म्हणून ध्रुव इथे क्षितिजापासून १९ अंशांवर दिसतो. वर्षभराची बेरीज करायची तर पेटीचा उतारही साधारण तेवढाच ठेवतात. पण मे महिन्यात ऊन पाणी कुणाला हवंय? त्या महिन्याच्या मध्यावर सूर्य बीडच्या अगदी डोक्यावर असतो आणि नळाचंच पाणी अंगाला लागतं. डिसेंबरच्या शेवटी मात्र भर दुपारीही सूर्य ४८ अंशांच्या वर चढत नाही. बंब हिवाळ्यासाठी आहे, तेव्हा ३० ते ३५ अंशांचा उतार द्यावा.

अशी पेटी हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी ९० लिटर पाणी २० वरून पन्नासच्या आसपास नेते. संध्याकाळी सहाला ५० अंशांचं पाणी आहे आणि रात्रभर बाहेर सरासरी १४ अंश आहेत असं धरून पहाटे सहाचा ढोबळ हिशोब केला तर चित्र असं दिसतं. उघड्या काळ्या पिंपात पंचविशीच्या आसपास. काचेच्या पेटीत, पण काच रात्री तशीच उघडी ठेवली तर तीस-एकतीस, म्हणजे कोमट. आणि ऊन उतरताच काचेवर दोन इंची उष्णतारोधक झाकण टाकलं तर चाळिसाच्या वर. काच, रंग, वेल्डिंग या सगळ्यांवर खर्च करून झाल्यावर दहा अंशांचा फरक पाडतं ते झाकण. ते वरच्या कडेला बिजागरीने जोडावं, आतून चकचकीत पत्रा लावावा, दिवसा किंचित पुढे झुकवून उभं बांधावं. म्हणजे तेच काचेवर थोडं जास्त ऊन फेकतं. वाऱ्यात ते शिडासारखं फडफडतं, म्हणून दोरी पक्की हवी. झाकण नसेल तर जुनी जाड वाकळ आणि तिच्यावर प्लास्टिकचा कागद, हेही पुष्कळ काम करतं. फक्त ते रोज साडेचार-पाचला टाकायला कुणीतरी घरी हवं.

आणि इथे जिल्ह्याचं एक वेगळंच गणित आडवं येतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलपर्यंत. ऊन पाणी लागण्याचा नेमका तोच काळ. मागे राहतात आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी पोरं. पऱ्हाट्या फोडणं, चूल फुंकणं हे त्यांच्यावर पडतं. या घरांना छपरावरच्या, शिडी चढून बघाव्या लागणाऱ्या बंबापेक्षा अंगणातली, म्हातारीचा हात पोचेल अशी पेटी उपयोगाची. उसाच्या फडावरच्या कोपीत मात्र यातलं काही नेता येत नाही. तिथे बाई पहाटे तीनला उठते आणि काळ्या नळीचं बंडल फार तर संध्याकाळी फडावरून परतल्यावर अंग धुवायच्या कामी येईल.

खरं तर संध्याकाळची आंघोळ हीच सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे. संध्याकाळच्या ५० अंशांच्या पाण्यात गार पाणी मिसळून त्या ९० लिटरमधून सात बादल्या होतात, पहाटे पाच. दोन बादल्यांचा फरक, एक पैसाही न घालता. पण देवपूजेआधी आंघोळ हवी, सकाळची आंघोळ ती खरी आंघोळ, हे मनात पक्कं बसलेलं असतं आणि पुस्तक वाचून ते कुणी बदलत नाही. पोरांच्या आंघोळी तेवढ्या संध्याकाळी घालाव्यात.

विहिरीवरून वरच्या टाकीत कायम पाणी असणाऱ्यांनी बेलींची रचना जरूर करावी. नळ्यांची पेटी खाली, टाकी वर. तापलेलं पाणी आपोआप चढतं, गार उतरतं. हा जोर किती क्षीण असतो हे माहीत असलं की बांधणीतल्या बऱ्याच चुका टळतात. २५ अंशांच्या आणि ६० अंशांच्या पाण्याच्या घनतेत दीड टक्क्यापेक्षाही कमी फरक आहे. एक मीटर उंचीमागे मिळणारा ढकलणारा दाब म्हणजे पाण्याची जेमतेम १४ मिलिमीटरची उभी रेघ. एवढ्याशा जोरावर पाणी फिरवायचं तर नळ्या एक इंची हव्यात, एल्बो कमीत कमी हवेत आणि गरम नळी पेटीपासून टाकीपर्यंत सतत चढती हवी. मधे कुठे ती वाकून खाली आली की तिथे हवा अडकते आणि फिरणं बंद. टाकीचा तळ पेटीच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर वर ठेवायचा, नाहीतर रात्री चक्र उलटं फिरून टाकीतली उष्णता आकाशाला दिली जाते. प्लंबर हे ऐकून मान डोलावतो आणि मग दिसायला नीट म्हणून नळी भिंतीलगत आडवी नेतो. तिथे उभं राहावं लागतं. हे सगळं गणित मुळापासून समजून घ्यायचं असेल तर आयआयटी मुंबईचे प्राध्यापक सुहास सुखात्मे यांचं सौरऊर्जेवरचं इंग्रजी पाठ्यपुस्तक आहे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

बोअरचं पाणी हा या नळ्यांचा शत्रू. काळ्या पाषाणातून येणारं पाणी जड असतं. साठ अंशांच्या पुढे त्यातला चुना भराभर साका धरतो आणि अर्धा इंची नळी दोन-तीन वर्षांत पेन्सिलएवढी उरते. ठिबक वापरणाऱ्याला अॅसिडची प्रक्रिया माहीत असते, पण जी.आय. नळीत अॅसिड सोडलं की चुन्याबरोबर जस्तही जातं. तांब्याच्या नळ्यांना सौम्य सायट्रिक अॅसिड चालतं. चपट्या टाकीचा इथेही फायदा आहे: तिचं पाणी हिवाळ्यात पन्नाशीच्या फार पुढे जात नाही, आणि दहा सेंटिमीटरच्या पोकळीला साका धरला तरी ती बुजत नाही.

भंगारातून बंब करण्यात सगळ्यांच्या पुढे गेले ते ब्राझीलचे लोक. तिथल्या सांता कातारिना राज्यातले निवृत्त मेकॅनिक जोझे अलानो यांनी २००२ मध्ये शीतपेयांच्या बाटल्या आणि दुधाची खोकी यांपासून बंब बनवला. काळ्या रंगवलेल्या खोक्यांच्या पट्ट्या नळीला टेकवायच्या आणि त्यावर बाटल्या ओवायच्या. काचेचं काम बाटली करते. पद्धत त्यांनी सगळ्यांसाठी खुली ठेवली आणि ती हजारो घरांत गेली. पण तिथे घरोघरी विजेवर चालणारा शॉवर होता, बिल सगळ्यांना डाचत होतं, आणि नळाला पाणी होतं. आपल्या शेजारी लातूरला महानंद डेअरीत नेमकं दुसरं टोक होतं: आयआयटी मुंबई आणि क्लिक डेव्हलपमेंट्स यांची ‘अरुण’ ही १६० चौरस मीटरची, सूर्यामागे फिरणारी तबकडी, २००६च्या सुमारास दुधाच्या पाश्चरायझेशनसाठी बसवलेली. दोन्हींच्या मधलं काहीतरी, वेल्डर आणि काचवाला मिळून चार दिवसांत करतील असं, खेड्यातल्या घराला हवं असतं.

गारपिटीचाही विचार करून ठेवावा. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली ती पाहिलेला माणूस साधी काच लावणार नाही. टफन्ड काच, आणि आभाळ भरून आलं की झाकण खाली. जूनपासून ढगाळ दिवसांत पाणी कोमटाच्या पुढे जाणार नाही, तेव्हा चूल किंवा गॅस राहणारच. साठ अंशांचं पाणी लहान मुलाची कातडी काही क्षणांत भाजतं, म्हणून बादलीत आधी गार, मग ऊन. हे पाणी प्यायचं नाही. बंब बरेच दिवस न वापरता पडून राहिला तर पहिलं पाणी झाडांना घालावं. काचेवरची धूळ आठवड्याला पुसावी लागते. ऊसगाड्यांच्या रस्त्यालगत घर असेल तर दर तीन दिवसांनी, आणि ओल्या फडक्याने पुसायचं ते सकाळीच, काच तापायच्या आत.